मागून उघडा कोट

२०२३ साल. माझं वय त्र्याहत्तर, म्हणजे आधार कार्डावर. आई सांगायची, आमच्या कळंबच्या विहिरीला पाणी लागलं त्या साली तू झालास. त्या हिशेबानं मी पंचाहत्तरचा, पण कार्डाला विहीर चालत नाही. तर त्या साली माझा एक फोटो बारामतीत भिंतीवर टांगला आणि माणसं त्याला कला म्हणाली. त्याआधी सेहेचाळीस वर्षं इंदापूर तालुका माझ्या फोटोला एकच गोष्ट म्हणत आला होता, "तात्या, जरा काळा आलाय."

मी चौथी शिकलो. पाचवीत गेलो होतो, पण पाचवीला मी पटलो नाही. ह्या लेखातलं ऱ्हस्व-दीर्घ माझ्या सुनेनं, सुवर्णानं, नीट केलंय. मजकूर माझा. मजकुरात रिटचिंग करायचं नाही असं तिला बजावलंय, कारण रिटचिंग काय असतं ते मला ठाऊक आहे. त्यावरच घर चाललं.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून धंदा थोडा सांगतो. पूर्वी फोटो फिल्मवर निघायचा. फिल्म धुतली की निगेटिव्ह, तिच्यात सगळं उलटं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. अंधाऱ्या खोलीत तिच्यातून कागदावर उजेड टाकला की सुलटा फोटो. ह्या दोन्हीच्या मधे फोटोग्राफर बसलेला असतो, आणि तिथं त्याला विचारणारं कुणी नसतं. तोंडावर देवीचे व्रण असले की निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं ते भरायचे. पोट सुटलेलं असलं की ब्लेडनं खरवडून ते मागच्या काळ्या पडद्यात घालवायचं. भिंगाच्या निम्म्या भागावर काळा पुठ्ठा धरून एकाच माणसाला एकाच फिल्मवर दोनदा घेता यायचं. एकानं माझ्याकडून स्वतःच स्वतःला नमस्कार करतानाचा फोटो काढून घेतला आणि घरी नेऊन देवघरात लावला. मी बोललो नाही. गिऱ्हाईक होतं.

मयताचं काम वेगळं. कित्येकांचा जन्मात एकच फोटो असायचा आणि तोही मेल्यावर काढलेला. घरचे म्हणायचे, तात्या, डोळे उघडून द्या. मग मी फोटोवर बारीक कुंचल्यानं डोळे उघडायचो. असे पुष्कळांचे उघडले. जित्या माणसांचे मात्र मला कधी उघडता आले नाहीत.

आता कोट.

इंदापुरात बसस्टँडच्या मागं माझं दुकान. छपरात मधोमध एक काच, तिच्यातून येईल तो उजेड. त्या उजेडाखाली खुर्ची, आणि खुर्ची मी फरशीला खिळ्यांनी ठोकून टाकलेली. कारण गिऱ्हाईक बसलं की खुर्ची सरकवतं, आणि खुर्ची सरकली की माझा उजेड सुटतो. कॅमेऱ्याच्या तिवईचे तीन पायही फरशीत खड्डे पाडून बसवलेले. बायको म्हणायची, तुमचा हट्ट तेवढा ठोकायचा राहिला, तोही ठोका.

त्या वेळी गावाकडच्या माणसाकडं धोतर, सदरा आणि टोपी, एवढंच. पण फोटोत कोट पाहिजे. शेजारच्या शिंप्याकडं काळ्या कापडाचा एक कोट कुणी न नेल्यामुळं पडून होता. तो मी आणला. पण एक कोट सगळ्यांना कसा बसणार? म्हणून शिंप्याकडून तो पाठीवर उभा चिरून घेतला आणि दोन्हीकडं नाड्या लावून घेतल्या. काडीपैलवान आला की नाड्या आवळायच्या, खरा पैलवान आला की मोकळ्या सोडायच्या. पुढून साहेब, मागून उघडा. फोटोला पाठ नसते.

तो कोट निम्म्या तालुक्यानं घातला. आणि एक गंमत सांगतो. घातलेल्यांपैकी एकानंही घरी जाऊन सांगितलं नाही की कोट मागून उघडा आहे.

ह्यावरून एकदा भांडण पार दुकानापर्यंत आलं. दोन चुलत-चुलतभाऊ, आजे सख्खे भाऊ, वाटणीवरून आधीच बोलणं बंद. त्यातला एक कशाला तरी दुसऱ्याच्या घरात गेला, तर भिंतीवर त्याच्या आज्याचा फोटो, आणि अंगात कोट, डाव्या छातीवर बटणाशेजारी डाग. घरी येऊन स्वतःच्या आज्याचा फोटो बघितला, तर तोच कोट, तोच डाग. आमच्या आज्याचा कोट तुमच्यात कसा गेला, म्हणून वाटणीत कोटाचीही भर. दोघं साक्षीला माझ्याकडं आले. मी खुंटीवरचा कोट काढला, डाग दाखवला, आणि मग पाठ फिरवून नाड्या दाखवल्या. मग थोरला म्हणाला, "म्हंजी आमचा आज्या मागनं उघडा व्हता?"

"तुमचा बी," मी म्हणालो, "आन ह्यांचा बी."

दोघं बाहेर जाऊन एकाच टपरीवर चहा प्यायले. वाटणीचं पुढं काय झालं मला माहीत नाही.

एवढा रुबाब असला तरी धंद्यात माझा एक दुर्गुण होता. 'उद्या या.' फोटो तयार नसला की उद्या, तयार असला आणि सापडला नाही तरी उद्या. माणूस निरवांगीहून, काटीहून एसटीनं यायचा, आणि मी मान वर न करता उद्या म्हणायचो. शिंप्याला लोक शिव्या देतात, फोटोग्राफरला देत नाहीत, कारण आपलं तोंड त्याच्या हातात असतं.

सुवर्णा घरात आली त्याला आता अठरा वर्षं झाली. माझा मुलगा बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात, त्याला फोटोचं काही नाही. तिला होतं. तिनं कॉम्प्युटर आणला, मी नाक मुरडलं. ती मला मामा म्हणते, आणि मामा म्हणून जे बोलायचं ते सगळं बोलते. एका नवरीच्या गालावरचा डाग ती माऊसनं पुसत होती. मी म्हणालो, ही लबाडी आहे.

"मामा, तुम्ही पेन्सिलनं देवीचे व्रण भरायचा, ते काय होतं?"

"ती कला."

"आणि ही?"

"ही सोय."

त्यावर ती हसली आणि नवरीचा दुसरा डागही पुसला.

पुढं माझ्या जुन्या निगेटिव्ह तिनं कॉम्प्युटरमध्ये उतरवायला घेतल्या. रोज थोड्या, काचेखाली दिवा लावून. वहीत प्रत्येकाचा नंबर आणि नाव माझ्या अक्षरात. तिच्या लक्षात आलं की मधले नंबर नाहीत. सहाशेपासून पुढं बरेच नाहीत. तिनं विचारलं, मामा, ह्या कुठं गेल्या? मी म्हणालो, उंदरांनी खाल्ल्या. ती म्हणाली, उंदीर नंबर बघून खातात का? मी म्हणालो, आमच्या वेळचे उंदीर शिकलेले होते. विषय तिथं मिटला, म्हणजे मी मिटवला.

निगेटिव्ह उतरवता उतरवता एक दिवस ती एकटीच हसायला लागली. मी जाऊन बघितलं. एकामागून एक माणसं पडद्यावर सरकत होती आणि सगळ्यांच्या अंगात एकच कोट. तोंडं बदलत होती, कोट जागचा हलत नव्हता. खुर्ची ठोकलेली, कॅमेरा ठोकलेला, कोट कुठं जाणार? बारामतीच्या एका कलाप्रेमी मंडळानं त्याच सुमाराला फोटोंचं प्रदर्शन ठरवलं होतं, प्रयोग केलेले फोटो पाठवा म्हणून. सुवर्णा म्हणाली, मामा, हे सगळे एकावर एक ठेवले तर?

मी म्हणालो, ठेवायचे तर अंधाऱ्या खोलीत ठेवू. एकाच कागदावर एकेका निगेटिव्हचा चिमूटभर उजेड. ती म्हणाली, आतापर्यंत उतरवलेलीच सत्त्याण्णव माणसं आहेत. मी म्हणालो, असू देत. माझा हट्ट. जुना कागद काढला, पुण्याहून औषधं मागवली, खोलीला परत लाल बल्ब लावला. पहिल्या खेपेला कागद नुसता काळा. दुसऱ्या खेपेला चिखल. तिसऱ्या खेपेला बाविसाव्या माणसापर्यंत आलो आणि शिंक आली. आठ खेपा केल्या. आठव्या कागदावर जे निघालं ते बघून बायको म्हणाली, हे ढग चांगले आलेत. मग मी गपचूप जाऊन सुवर्णाच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो.

कॉम्प्युटरमध्ये ते कसं असतं सांगतो. एकावर एक पातळ काचा ठेवल्यासारखं. प्रत्येक काचेवर एक माणूस, आणि बाजूला यादीत त्याचं नाव. नावापुढं एक डोळा काढलेला असतो. डोळा उघडा तर माणूस दिसतो, डोळ्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि माणूस जातो. मी थक्क झालो. जन्मभर मेलेल्यांचे डोळे उघडायला मला दोन-दोन दिवस लागले, आणि हितं एका बोटाचं काम.

तिनं सत्त्याण्णव माणसं डोळ्याला डोळा जुळवून लावली. तोंड छान आलं, साफ, सरकारी जाहिरातीतल्या शेतकऱ्यासारखं. पण कोट गेला. कोणी उंच, कोणी बुटका, डोळे जुळवले तर खाली कोटाच्या सत्त्याण्णव सावल्या. तिला ते आवडलं. मला नाही.

"बटनाला बटन लाव," मी म्हणालो.

"मामा, मग तोंडं हलतील."

"हलू देत. तोंडं हलली तर हलू देत. कोट हलता कामा न्हाय."

आमचं ह्यावर दोन दिवस बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं मला दाखवायचं म्हणून बटणं जुळवली, की बघा कसं वाईट दिसतं. आणि दोघंही पडद्याजवळ सरकलो. कोट असा आला की कापडाचा धागा मोजावा. तो डाग, वरच्या बटणाचा तुटका दोरा, सगळं. आणि कॉलरच्या वर एक तोंड, की ज्याला कड नाही. मिशा आहेत आणि नाहीत. डोळे तुमच्याकडं बघतात, पण कुठून बघतात ते कळत नाही. सुवर्णा म्हणाली, मामा, हे माझ्या वडलांसारखं दिसतंय. मी म्हणालो, तुझ्या वडलांनी माझा कोट कधी घातला नाही. ती म्हणाली, तेच म्हणते मी.

प्रदर्शन एमआयडीसीत, एका कारखान्याच्या मोकळ्या गोडाऊनमध्ये. आमचा फोटो माणसाएवढा करून समोरच्या भिंतीला लावला. खाली नाव मी 'कोट' असं दिलं होतं. पुण्याहून एक सर आले होते, मागं केसांची शेपटी, त्यांनी ते खोडून 'वस्त्र आणि विस्मृती' केलं. मी म्हणालो, सर, हे रिटचिंग झालं. ते हसले, पण पाटी तीच राहिली.

उद्घाटनाला एक माजी सरपंच. ते आत आले, समोर भिंतीवर कोटातल्या म्हाताऱ्या माणसाचा एवढा मोठा फोटो बघितला, खाली समई पेटवलेली. आपल्याकडं समई आणि कोटातला फोटो म्हटलं की अर्थ एकच. त्यांनी चपला काढल्या, स्वागताला आणलेला हार उचलला, फोटोला घातला आणि डोळे मिटून उभे राहिले. त्यांचं बघून मागचे सगळे उभे राहिले. मंडळाचे अध्यक्षही. कुणाला सांगायचं सुचेना. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "आरं, मी हाय की हितं. जित्ता हाय."

ते आमच्या कळंबचे सर्जेराव. ऐंशी ओलांडलेले. फोटोतल्या सत्त्याण्णवांपैकी सहाजण अजून हयात आहेत, त्यातले हे एक. जिवंत माणसाच्या फोटोला हार म्हणजे केवढा अपशकुन. सर्जेराव ऐकेनात, मला ह्यातनं काढा म्हणजे काढा. सुवर्णानं लॅपटॉप उघडला, यादीतलं त्यांचं नाव शोधलं आणि डोळा मिटवला. म्हणाली, आबा, गेलात. सर्जेरावांनी चश्मा पुसून बघितलं. भिंतीवरच्या फोटोत आणि लॅपटॉपातल्या फोटोत तसूभर फरक नव्हता. सत्त्याण्णवातला एक गेला तर काय दिसणार?

"मी नसल्यानं कायच फरक पडत न्हाय व्हय?"

सर्जेरावांनी चश्मा काढून खिशात ठेवला.

"घाल परत," सर्जेराव म्हणाले.

हार मात्र काढला.

चार दिवस प्रदर्शन चाललं. संध्याकाळी शिफ्ट सुटली की कामगार मोटरसायकली बाहेर लावून, हेल्मेट हातात घेऊन आत यायचे. चांगले चांगले फोटो होते बाजूला, धुक्याचे, उडत्या बगळ्यांचे, एकात तर चंद्र उसात पडलेला. पण गर्दी आमच्यासमोर. एक म्हणाला हा माझा आजा. दुसरा म्हणाला, चुलता, कान बघा. तिसऱ्यानं मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवला आणि घरून फोन आला, आण्णा तिकडं कसे लागले? मी कुणाचं खोडलं नाही. वही माझ्यासोबत होती. नाव विचारायचो, वहीत बघायचो, असायचं. मी छाती काढून सांगायचो, हाय, तुमचा माणूस ह्यात हाय.

पुण्याच्या सरांनी तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलं. हा फोटो पुण्याला मोठ्या प्रदर्शनात न्यायचा, आणि सोबत खरा कोट, काचेच्या पेटीत. खाली माझं नाव. तो कोट मी कुणालाही दिलेला नव्हता. मुलानं गॅदरिंगला मागितला होता, नाही दिला. पण काचेची पेटी म्हटल्यावर मी विरघळलो. चौथी पास माणसाचं नाव पुण्यात, काचेखाली. सोमवारी दुपारी त्यांची गाडी कोट न्यायला इंदापूरला येईल असं ठरलं. घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं.

शेवटचा दिवस रविवार. दुपारी एक म्हातारी आली, सोबत तिचा मुलगा महादेव. तो शेजारच्याच कारखान्यात कामाला, आदल्या दिवशी फोटो बघून त्यानं घरी सांगितलेलं, आई, आबांचा कोटातला फोटो लागलाय. म्हणून निरवांगीहून तिला मोटरसायकलवर बसवून आणलेलं. नाव हौसाबाई. ती फोटोसमोर उभी राहिली. इतका वेळ तिथं कुणी उभं राहिलं नव्हतं. मग तिनं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

माझ्या दुकानाची चिठ्ठी. माझं अक्षर. नंबर सहाशे चौदा, नाव केरबा, आणि खाली 'उद्या'. आणि त्याच्याखाली परत 'उद्या'. आणि परत.

"तीन डाव आलं व्हतं," ती म्हणाली. "चौथ्या डावाला म्हणलं, आता न्हाय जात. मानी व्हते. पर चिठ्ठी टाकू दिली न्हाय."

तिच्या नवऱ्याला, केरबाला, जाऊन सहा वर्षं झाली होती. दुसरा फोटो नाही. आधार कार्ड निघायचं तेव्हा हाताचे ठसे उमटेनात, ते तसंच राहिलं. महिन्यावर नातवाचं लग्न, आणि भिंतीवर लावायला म्हाताऱ्याचं तोंड नाही. महादेव म्हणाला, तात्या, ह्यातला आमचा आबा तेवढा वेगळा काढून मिळेल का? तुमच्या सूनबाई म्हणत्यात एकेक डोळा उघडता येतो.

मी वही उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. सहाशे चौदा.

आता सांगतो ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. नव्वदच्या पुढं रंगीत फोटो आले. काळ्या-पांढऱ्याला कुणी विचारेना. जुन्या फिल्ममधून चांदी काढणारा एकजण गावोगाव फिरायचा. मी न नेलेल्या फोटोंच्या निगेटिव्ह दोन पोत्यांत भरल्या आणि त्याला घातल्या. नेलेल्या ठेवल्या, कारण ते गिऱ्हाईक परत येईल. न नेलेलं कशाला येतंय? त्या पैशात मी रंगीतचा कॅमेरा घेतला. ते रंगीत फोटो दहा वर्षांत तांबडे पडले. काळे-पांढरे अजून भिंतीवर जसेच्या तसे आहेत.

म्हणजे त्या सत्त्याण्णव माणसांत केरबा नव्हता. सगळ्या तालुक्यातून ज्या एकाला कुणी शोधत आलं, तोच नव्हता.

पुण्याचे सर मागं उभे होते, मोबाइल वर धरून, म्हणत होते, आजी, परत एकदा बघा, असं हात लावून बघा. सुवर्णानं लॅपटॉप उघडला आणि यादी वरून खाली सरकवायला लागली. नाव सापडणार नव्हतं. मला एक वाट होती. लॅपटॉपवर दुसऱ्या कुणाचाही डोळा उघडला असता, जरा मिशा कमी केल्या असत्या, हे घ्या म्हणालो असतो, तर माझं नाव राहिलं असतं. चाळीस वर्षांनी माणसाचं तोंड कोण ओळखतं? जन्मभर मी हेच केलं होतं, आणि त्याला कला म्हणालो होतो.

"सुवर्णा, बंद कर ते," मी म्हणालो. मग हौसाबाईंना म्हणालो, "बाई, ह्यात तुमचे मालक न्हाईत. त्यांची निगेटिव्ह मी चांदीवाल्याला घातली."

सुवर्णानं माझ्याकडं बघितलं. सरांनी मोबाइल खाली केला. महादेव काहीतरी बोलणार होता, पण म्हातारीच आधी बोलली, फोटोवरची नजर न काढता.

"ते कळलं मला. आल्या आल्या कळलं. ह्यात त्येंच्या तोंडाचं काय बी न्हाय."

"मग एवढा वेळ काय बघताय?"

"कोट." तिनं बोटानं तो बटणाशेजारचा डाग दाखवला. "ह्यो डाग सांगायचे. साहेबासारखा कोट, हितं डाग, वरच्या बटनाचा दोरा तुटका. जलमभर सांगितलं. तोंड माझ्या ध्यानात हाय हो. कोटातलं न्हवतं बघितलं."

मी एवढंच म्हणालो, की खरा कोट माझ्या दुकानात खुंटीला आहे, उद्या सकाळी घेऊन येतो.

ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. हातातली चिठ्ठी तिनं माझ्या बोटांतून काढून घेतली आणि परत पिशवीत ठेवली.

"तुमचा उद्या ह्येंनी लई बघितलाय," ती म्हणाली, आणि महादेवाला चल म्हणाली.

बारामतीहून गाडीनं परतताना, इंदापूर आल्यावर सुवर्णा म्हणाली, "म्हणजे उंदीर नव्हते."

"न्हवते."

"मला वाटलंच होतं. लेंड्या कुठंच नव्हत्या." थोड्या वेळानं म्हणाली, "सरांची गाडी उद्या दुपारी यायची आहे, मामा."

"येऊ दे. चहा पाज आन पाठव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाला उठलो. कोट खुंटीवरून काढला, अंगणात झटकला आणि तासभर कोवळ्या उन्हात घातला. डाग तसाच ठेवला. वरच्या बटणाला दोरा लावायला बायको सुई घेऊन आली, तिला नको म्हणालो. मग कोट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि सुवर्णाच्या स्कुटीवर मागं बसून निरवांगीला गेलो. तिला म्हणालो, जरा दमानं चालव. ती म्हणाली, चाळीस वर्षं दमानंच चाललंय.

हौसाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलात व्हय." एवढंच. हात पदराला पुसले, कोट मांडीवर घेतला. डागावरून बोट फिरवलं. दोऱ्यावरून फिरवलं. बाही नाकाला लावली. मग कसा दिसतो बघावा म्हणून दोन्ही खांद्यांना धरून उभा केला आणि फिरवला, आणि पाठ पुढं आली. मधोमध चिरलेली, नाड्या लोंबणारी.

त्यांनी नाड्यांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. चिरेतून हात घालून पलीकडं काढला, आणि तो हात तसाच हलवला. आणि मग अशा हसल्या की शेंगांचं सूप कलंडलं. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. घरातून सून धावत आली, काय झालं म्हणून.

"जलमभर," त्या म्हणाल्या, "जलमभर कोट कोट केलं ह्या माणसानं. मागचं कवा बोलला न्हाय बघ."

मी म्हणालो, कुणीच बोललं नाही, बाई. अख्खा तालुका बोलला नाही.

कोट आता तिथंच राहू दे म्हणून सांगितलं. केरबाचा फोटो मी देऊ शकत नाही, कोट देऊ शकतो. त्यांनी डोळे पुसत पिशवीतली चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढं धरली. आमच्या धंद्याची रीत आहे, फोटो गिऱ्हाइकाला पोचला की चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा आणि सही करायची. सुवर्णानं पर्समधून पेन दिला. तीन 'उद्या'च्या खाली थोडी जागा उरली होती. तिथं मी 'दिला' लिहिलं. दि दीर्घ काढला, सुवर्णानं बघितलं, आणि पहिल्यांदाच तो नीट केला नाही.